क्षत्रप नहपानाचें रुप्याचें नाणें व त्याचे संग्राहक

जुनें नाणें हातीं आलें म्हणजे पहिला प्रश्न बहुधा असा विचारला जातो कीं, हें कितपत दुर्मिळ आहे? संग्राहकाच्या दृष्टीनें हा प्रश्न स्वाभाविक आहे. कारण नाण्याची किंमत बऱ्याच अंशीं त्यावरच ठरते. इतिहाससंशोधकाचा प्रश्न मात्र निराळा असला पाहिजे. हें नाणें कोठें सांपडलें, कशांत सांपडलें आणि त्याच्याबरोबर दुसरें काय होतें, हें त्यानें आधीं विचारावें. या दोन प्रश्नांत अंतर केवढें आहे हें दाखविणारें एक उत्कृष्ट उदाहरण महाराष्ट्रांतच आहे, व तें म्हणजे क्षहरात कुलांतील क्षत्रप नहपान याचें रुप्याचें नाणें. इ. स. १८९६ त प्रसिद्ध झालेल्या एका मान्य ग्रंथांत या नाण्याच्या अवघ्या पांच प्रती नोंदलेल्या आहेत. त्यानंतर दहाच वर्षांनीं एका ठेव्यांत तीं सुमारें १३,२५० निघालीं. दुर्मिळ होतें तोंवर या नाण्यानें इतिहासास फारसें कांहीं सांगितलें नाहीं. विपुल झालें तेव्हां तें बोलूं लागलें. तें काय बोललें व त्यांत संग्राहकांचा वांटा कोणता, हें थोडक्यांत सांगण्याचें येथें योजिलें आहे.

प्रथम नाण्याचें स्वरूप सांगतों. हें नाणें वाटोळें व लहान असून त्याचें वजन तोळ्याच्या पांचव्या हिश्शाच्या आसपास भरतें. एका बाजूस राजाचें उजवीकडे तोंड केलेलें मस्तक आहे व त्याच्या भोंवतीं ग्रीक अक्षरांचें कडें आहे. दुसऱ्या बाजूस बाण व वज्र हीं चिन्हें असून त्यांच्या भोंवतीं ब्राह्मी व खरोष्ठी अशा दोन लिपींत लेख आहे. तिन्ही लेखांचा अर्थ एकच : ‘क्षहरात राजा नहपान याचें’. ग्रीक अक्षरांतला लेखसुद्धां भाषेनें ग्रीक नाहीं. प्राकृत शब्दच त्या अक्षरांत उतरविलेले आहेत. वायव्येकडील खरोष्ठी, या देशची ब्राह्मी आणि समुद्रमार्गें येणाऱ्या व्यापाऱ्यांच्या परिचयाचीं ग्रीक अक्षरें एकाच लहानशा रुप्याच्या तुकड्यावर एकत्र यावीं, यांतच त्या काळच्या पश्चिम हिंदुस्थानच्या व्यवहाराचें चित्र उमटलेलें आहे. नाण्यावर नहपान स्वतःस केवळ राजा म्हणवितो. क्षत्रप हें पद त्यास शिलालेखांत लावलेलें आढळतें. पुणें जिल्ह्यांत जुन्नर येथील लेण्यांत त्याचा अमात्य अयम याचा ४६ व्या वर्षाचा लेख आहे. त्यांत पाण्याचें टांकें व मंडप यांच्या दानाची नोंद असून तेथें नहपान महाक्षत्रप झालेला दिसतो.

या नाण्याची क्रयशक्ति काय होती याचाहि पुरावा दगडावर कोरून ठेवलेला आहे. नहपानाचा जांवई उषवदात (ऋषभदत्त) याचे लेख नासिकच्या लेण्यांत आहेत. त्यांत ज्या काहापणांचा वारंवार उल्लेख येतो ते काहापण म्हणजे हींच रुप्याचीं नाणीं, असें विद्वान मानतात. ४२ व्या वर्षाच्या लेखाप्रमाणें उषवदातानें गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे मिळून ३,००० काहापण कायमची ठेव म्हणून ठेविले; पैकीं २,००० दरमहा दरशेंकडा एक या व्याजानें व १,००० पाऊण या व्याजानें. २,००० च्या ठेवीचें वार्षिक व्याज २४० होतें, आणि लेण्यांत वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंस चीवरासाठीं प्रत्येकीं बारा काहापण द्यावे असें लेख सांगतो. हिशेब एका नाण्याचाहि फरक न पडतां जुळतो. म्हणजे आज संग्रहालयाच्या कपाटांत जें एक नाणें आपण पाहतों, तें भिक्षूच्या वर्षभराच्या वस्त्रखर्चाचा बारावा हिस्सा होय. त्याच लेखमालेंत ३५ काहापणांस एक सुवर्ण असा दर नमूद केलेला आहे, आणि अश्विभूति नांवाच्या ब्राह्मणाकडून ४,००० काहापणांस शेत विकत घेतल्याचाहि दाखला आहे. ज्या नाण्यांत अशा हजारोंच्या उलाढाली होत होत्या तें मुळांत दुर्मिळ असणें शक्यच नव्हतें. एकोणिसाव्या शतकांत तें दुर्मिळ भासलें तें केवळ आपल्या हातीं न लागल्यामुळें.

आतां संग्राहकांकडे वळूं. मुंबईचे न्यायमूर्ति न्यूटन यांस या नाण्याची एक प्रत मिळाली होती, व बराच काळ प्रसिद्ध झालेली प्रत तेवढीच होती. पुढें पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं काठेवाड व नासिक येथून आणखी चार मिळविल्या. मुंबई गॅझेटियरच्या पहिल्या खंडांत भगवानलालांनीं लिहिलेला गुजराथचा प्राचीन इतिहास त्यांच्या मृत्यूनंतर, १८९६ त, छापला गेला. त्यांत हा पांचांचा हिशेब दिलेला आहे. भगवानलालांचा जन्म १८३९ त जुनागडास झाला. डॉ. भाऊ दाजी यांच्यासाठीं त्यांनीं देशभर हिंडून शिलालेखांच्या नकला आणिल्या, व भाऊ दाजी १८७४ त निवर्तल्यावर स्वतंत्रपणें संशोधन चालविलें. ते १८८८ त मुंबईस वारले. मथुरेचा सुप्रसिद्ध सिंहस्तंभशीर्ष त्यांनीं मृत्युपत्रानें लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला दिला, आणि त्यांच्या क्षत्रप नाण्यांवरील लेख रॅप्सन यांनीं संपादून १८९० त लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकांत प्रसिद्ध केला. भगवानलालांचें वैशिष्ट्य असें कीं, ते नाणें मिळालें म्हणजे त्याचें स्थळहि टिपून ठेवीत. चार प्रतींपैकीं कांहीं काठेवाडच्या व कांहीं नासिकच्या, एवढ्या दोन शब्दांवरूनहि नहपानाच्या सत्तेचा विस्तार सूचित होतो. हे दोन शब्द त्यांनीं लिहिले नसते तर त्या चार प्रती म्हणजे रुप्याचे चार सुंदर तुकडे, एवढेंच राहिलें असतें.

तरीहि पांच प्रतींवरून मुख्य प्रश्न सुटण्यासारखा नव्हता. तो प्रश्न असा. नासिक येथें गौतमी बलश्री हिचा, तिचा नातू पुळुमावि याच्या १९ व्या राज्यवर्षांतील, लेख आहे. आपला पुत्र गौतमीपुत्र सातकर्णि यानें क्षहरात वंशाचा निःशेष उच्छेद केला असें ती त्यांत सांगते. परंतु ज्या क्षहराताचा उच्छेद झाला तो स्वतः नहपान कीं त्याचा कोणी दूरचा वंशज? दोघांच्या कालांत अंतर किती? मातेनें पुत्राच्या पश्चात् लिहविलेल्या प्रशस्तींत अतिशयोक्ति असणें संभवनीय आहे; तेव्हां केवळ तिच्या आधारावर कालनिर्णय करणें धाडसाचें होतें.

इ. स. १९०६ त नासिक जिल्ह्यांतील जोगलटेंभी या गांवीं तो मोठा ठेवा उघडकीस आला. पाद्री एच्. आर्. स्कॉट यांनीं त्याची तपासणी करून १९०८ त मुंबईच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकांत त्याचें वर्णन प्रसिद्ध केलें. स्कॉट हे स्वतः नाण्यांचे जाणकार होते. पण त्यांचें मोठेपण असें कीं, उत्तम प्रती वेंचून बाकीच्या टाकून न देतां त्यांनीं सबंध राशीकडे लक्ष दिलें. त्याचें पहिलें फळ म्हणजे ग्रीक अक्षरांच्या लेखाचें वाचन. हा लेख कोणत्याहि एका नाण्यावर क्वचितच पुरा उमटलेला असतो. ठसा मोठा व चकती लहान, यामुळें कांहीं अक्षरें नेहमींच बाहेर राहतात. शेंकडों नाणीं शेजारीं शेजारीं मांडलीं म्हणजे एकावर गेलेलें अक्षर दुसऱ्यावर सांपडतें, आणि अशा रीतीनें सबंध ओळ जुळते. पांच प्रतींवरून हें कधींहि साधलें नसतें.

दुसरी गोष्ट मस्तकांची. ठेव्यांतील नाण्यांवरचे चेहरे एकसारखे नाहींत. कांहींवर तरुण, कांहींवर वृद्ध, कोठें नाक सरळ तर कोठें वांकडें. एकाच पुरुषाचीं हीं चित्रें असूं शकत नाहींत, नहपानाच्या नांवानें त्याच्या कुटुंबांतील निरनिराळ्या पुरुषांचीं मस्तकें छापलीं गेलीं असावींत, असें स्कॉट यांस वाटलें. उलटपक्षीं, ठसे खोदणारे कारागीर अनेक होते व ते राजाच्या मुखाकडे पाहून खोदीत नव्हते, असेंहि मानतां येतें, व आम्हांस हेंच अधिक संभवनीय दिसतें. कारण लेखांतील नांव सर्वत्र एकच आहे. कोणतेंहि मत घेतलें तरी हीं नाणीं थोड्या महिन्यांत नव्हे, तर दीर्घ काळ व अनेक ठशांनीं पाडलीं गेलीं, ही गोष्ट निर्विवाद ठरते.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. १३,२५० पैकीं ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनें आपला ठसा मारलेला आहे. नाणें न आटवितां, जसें होतें तसेंच नव्या ठशाखालीं ठेवून त्यावर घाव घातलेला आहे. मस्तकाच्या बाजूस कमानींचा डोंगर अथवा चैत्य व भोंवतीं ‘राजा गौतमीपुत्र श्री सातकर्णि याचें’ अशा अर्थाचा प्राकृत लेख. दुसऱ्या बाजूस चार वर्तुळांचें, उज्जयिनीचें म्हणून ओळखलें जाणारें चिन्ह. पुष्कळ नाण्यांवर नव्या ठशाच्या खालून नहपानाचें नाक, कान किंवा एखाददुसरें ग्रीक अक्षर डोकावतें. सातवाहनांचीं बहुतेक नाणीं तांब्याचीं, शिशाचीं व मिश्रधातूचीं आहेत. जिंकलेल्या प्रदेशांत रुप्याचा व्यवहार रूढ होता तो मोडणें विजेत्यास परवडणारें नव्हतें, आणि सर्व चलन आटवून नवें पाडणें हें खर्चाचें व दिरंगाईचें काम होतें. त्यानें काढलेली युक्ति अशी कीं, चलन तेंच ठेवावें व त्यावरील सत्ता मात्र बदलावी.

परंतु पुनर्मुद्रित नाणें एकटेंच मिळालें असतें तर त्यावरून एवढेंच म्हणतां आलें असतें कीं, गौतमीपुत्र नहपानाच्या नंतरचा आहे. किती नंतरचा, हें त्यावरून कळत नाहीं. शंभर वर्षांचें जुनें नाणें देखील पुन्हां छापतां येतें. हा प्रश्न ठेव्यानें सोडविला, आणि तोहि त्यांत जें नव्हतें त्याच्या योगानें. एवढ्या मोठ्या राशींत नहपान व गौतमीपुत्र यांखेरीज तिसऱ्या कोणत्याहि राजाचें एकहि नाणें नाहीं. दोघांमध्यें क्षहरातांच्या आणखी एकदोन पिढ्या राज्य करून गेल्या असत्या तर त्यांचीं थोडीं तरी नाणीं या तेरा हजारांत मिसळलीं असतीं. शिवाय, सुमारें एकतृतीयांश नाण्यांवर नवा ठसा नाहीं. पुनर्मुद्रणाचें काम चाललें असतां, किंवा दोन्ही प्रकारचीं नाणीं बाजारांत एकत्र फिरत असतां, हा ठेवा पुरला गेला असला पाहिजे. नासिकच्याच लेण्यांत गौतमीपुत्राचा १८ व्या राज्यवर्षाचा आज्ञालेख आहे. त्यांत पूर्वीं उषवदाताच्या ताब्यांत असलेलें २०० निवर्तनांचें शेत तो त्रिरश्मि पर्वतावरील भिक्षूंस देतो. जांवयाचें शेत व सासऱ्याचें नाणें, दोन्ही एकाच विजेत्याच्या हातीं गेलेलीं दिसतात. या पुराव्यांच्या जोडीनें बलश्रीच्या प्रशस्तींतील विधान बहुतेक विद्वानांस मान्य झालें. नहपानाच्या लेखांतील ४१ ते ४६ हीं वर्षें शककालाचीं मानून त्यास इ. स. ११९ ते १२४ च्या सुमारास ठेवावें, कीं तीं त्याचीं राज्यवर्षें समजून त्यास पहिल्या शतकांत न्यावें, याबद्दलचा वाद त्यानंतरहि चालू राहिला. पण दोघे राजे एकामागून एक आले, हा त्या वादांतील उभय पक्षांस उपयोगी पडणारा खुंटा जोगलटेंभीच्या ठेव्यानेंच रोवला.

याच्या उलट प्रकारचें एक उदाहरण येथें देणें उपयुक्त होईल. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १८०४ हें वर्ष घातलेला रुप्याचा डॉलर सर्व नाण्यांचा राजा समजला जातो. त्याच्या फारच थोड्या प्रती ज्ञात आहेत. संग्राहक मॅथ्यू स्टिकनी यास त्यांतील एक प्रत १८४३ त सरकारी टांकसाळींतूनच मिळाली. तेव्हांपासून बहुतेक प्रतींचे धनी कोण कोण झाले हें नांवनिशीवार लिहून ठेवलेलें आहे. मस्कतच्या सुलतानाची म्हणून ओळखली जाणारी प्रत १९९९ त ४१ लाखांहून अधिक डॉलरांस विकली गेली. गंमत अशी कीं, यांतील एकहि डॉलर १८०४ त पाडलेला नाहीं. पूर्वेकडील राजांस नजर करण्यासाठीं नाण्यांचे संच करावयाचे होते म्हणून १८३४ च्या सुमारास, टांकसाळीच्या दप्तरांत डॉलर पाडल्याचें शेवटचें साल पाहून, तें वर्ष त्यांवर घालण्यांत आलें. कांहीं प्रती तर त्याहूनहि बऱ्याच नंतरच्या आहेत. अमेरिकन वकील एडमंड रॉबर्ट्स हा १८३५ त मस्कतच्या सुलतानास त्याचा संच देऊन ‘पीकॉक’ जहाजानें मुंबईस आला, आणि जहाज दुरुस्त करून घेऊन सयामकडे निघाला. सयामच्या राजास त्याचा संच १८३६ त मिळाला. तेव्हां ती प्रत मधल्या काळांत मुंबईच्या बंदरांत होती असें मानण्यास हरकत नाहीं. या नाण्याच्या धन्यांची वंशावळ बिनचूक आहे, पण अंगावरचें साल खोटें आहे. आमच्या नहपानाच्या नाण्यास अशी धन्यांची वंशावळ नाहीं. तथापि तें ज्या राशींत निघालें त्या राशीनें त्याच्या साक्षीस बळ दिलें.

संख्या मोठी असली तरच साक्ष मिळते, असा मात्र याचा अर्थ नव्हे. वसईजवळील सोपारें येथें बुरुड राजाचा कोट या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या टेकाडांत एप्रिल १८८२ मध्यें भगवानलालांनीं खोदकाम केलें, तेव्हां स्तूपाच्या पोटांत एक दगडी पेटी मिळाली. तींत एकांत एक ठेवलेले तांबें, रुपें, दगड, स्फटिक व सोनें यांचे करंडे, आंत मातीच्या पात्राचे तेरा तुकडे, भोंवतीं बुद्धांच्या आठ धातुमूर्ती, आणि गौतमीपुत्र यज्ञ सातकर्णि याचें एकच रुप्याचें नाणें निघालें. तेंहि आकारानें व मस्तकाच्या ठेवणीनें क्षत्रपांच्या नाण्यांसारखेंच आहे. नहपानाचा प्रघात सातवाहनांनीं पुढें आपलासा केल्याचें तें द्योतक होय. या एका नाण्यावरून स्तूप दुसऱ्या शतकाच्या सुमाराचा, असें अनुमान निघालें. परंतु मूर्तींच्या घडणीवरून त्या आठव्या-नवव्या शतकांतील असाव्यात असें पुढील अभ्यासकांनीं दाखविलें. अर्थात् स्तूप मध्यंतरीं पुन्हां उघडून त्यांत भर घातली गेली असली पाहिजे. भगवानलालांनीं पेटींतील प्रत्येक वस्तु तपशिलानें नोंदून ठेविली, म्हणूनच त्यांच्या अनुमानाची दुरुस्ती पुढच्या पिढीस करतां आली. मुंबईच्या एशियाटिक सोसायटीनें या वस्तु एकत्र जतन केल्या, ही त्या नोंदीइतकीच मोलाची गोष्ट होय.

जोगलटेंभीच्या राशीचें भाग्य एवढें थोर नव्हतें. तींतील नाणीं निरनिराळ्या संग्रहालयांत व खासगी संग्रहांत वांटलीं गेलीं. आज तीं एकत्र पाहावयाचीं म्हटल्यास तें घडणार नाहीं. स्कॉट यांची तपासणी आधीं झाली होती म्हणून आपला तोटा मर्यादित राहिला. दहा रुपयांहून अधिक किंमतीचें गुप्तधन सांपडल्यास त्याची खबर कलेक्टरास द्यावी असें १८७८ च्या कायद्यानें ठरविलें. पण जें गुपचूप सोनाराच्या मुशींत जातें किंवा फुटकळीनें विकलें जातें, त्याची खबर कायद्यास कशी लागणार? मुशींत गेलेलें नाणें तर बुडालेंच. पण राशींतून निवडून वेगळें काढलेलें नाणें शाबूत राहूनहि अर्धें मुकें होतें. तेरा हजारांतून पांच सुरेख प्रती कोणी उचलल्या असत्या व बाकीच्या आटविल्या असत्या, तर संग्राहकाच्या कपाटांत पांच अत्यंत दुर्मिळ नाणीं राहिलीं असतीं, आणि नहपान व गौतमीपुत्र यांच्यामधील अंतराचा वाद जसाच्या तसा राहिला असता.

म्हणून ज्यांच्या हातीं असे ठेवे येतात त्यांस आमचें सांगणें एवढेंच आहे. गांवाचें व शेताचें नांव, ठेवा ज्या भांड्यांत असेल तें भांडें, एकूण संख्या, एकूण वजन, आणि झिजलेल्या व तुटक्या नाण्यांसह प्रत्येक जातीची गणती, या पांच गोष्टी एकहि नाणें बाजूस काढण्यापूर्वीं कागदावर लिहाव्यात. जुन्नर, कार्लें व नासिक येथील लेण्यांत दान देणाऱ्यांनीं स्वतःचें नांव, गांव, रक्कम व व्याजाचा दर दगडावर कोरून ठेविला, म्हणून सुमारें एकोणीस शतकांनंतरहि त्यांचा हिशेब आपणांस तपासतां येतो. आपल्या पिढीनें तेवढी नोंद निदान कागदावर तरी ठेवावी.